न पाहिलेल्याची ग्वाही

एखाद्या माणसाविषयी कोणी येऊन सांगितले, ‘त्याच्यात खोट आहे,’ आपण विचारले, ‘कोणती?’, आणि उत्तर आले, ‘ती मला ठाऊक नाही, पण आहे हे नक्की,’ तर त्या सांगणाऱ्याला आपण उठवून लावू. लावायलाच हवे. माणसांच्या जगात असल्या बोलण्याला चहाडी म्हणतात, आणि अशा चहाडीने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. गणितात मात्र अशी एक संख्या आहे, जिच्याविषयी जाणकार मंडळी सत्तरहून अधिक वर्षे नेमके हेच सांगत आली आहेत आणि तरी त्यांना कोणी चहाडखोर म्हणत नाही. असे का, या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस घेरले आहे. तो वरवर संख्यांचा प्रश्न आहे. पण एखादी गोष्ट ‘कळली’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा पोचतो, आणि ज्याला कळली तो न कळलेल्याचे काय देणे लागतो, हाही प्रश्न त्याच्या पोटात आहे.

आधी शाळेतले थोडे आठवू या. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या: ७, १३, ३१. १ सोडून बाकीच्या संयुक्त. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. त्यामुळे ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ अशी चीजच नाही. असते ती ‘आजवर सापडलेल्यांत मोठी’. अशा मोठ्या संख्या बहुधा एकाच घराण्यातल्या निघतात. २ हा अंक काही वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि शेवटी १ वजा करायचा, की झाली त्या घराण्यातली संख्या. तीन वेळा २ घेतला तर ८ वजा १ म्हणजे ७, पाच वेळा घेतला तर ३१. मारिन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव या घराण्याला लागले आहे. २ किती वेळा घेतला तो घातांक पुढे जोडून आम्ही त्यांना मर्सेन-३, मर्सेन-५ असे म्हणू. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच निघते. घातांक मूळ असेल तर ती मूळ निघेल किंवा निघणारही नाही. मर्सेन-११ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. फसलेच.

आता १२७७ आणि १२७९ या दोन शेजारणी पाहा. मध्ये फक्त एक सम संख्या असलेल्या या जोडमूळ संख्या. १९५२मध्ये रॅफेल रॉबिन्सन याने लॉस एंजेलिसच्या ‘स्वॅक’ नावाच्या यंत्रावर मर्सेन-१२७९ ही ३८६ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तिची शेजारीण मर्सेन-१२७७ ही ३८५ अंकी. ती संयुक्त आहे, म्हणजे तिला कोणत्या तरी लहान संख्येने भाग जातो, हे त्याच काळापासून निश्चित आहे. पण कोणत्या संख्येने? इतक्या वर्षांत, इतक्या यंत्रांनी शोधूनही तिचा एकही विभाजक सापडलेला नाही. खोट आहे, कोणती ते माहीत नाही. सुरुवातीला म्हटले ते हेच.

या घराण्याची कहाणी तशी एका बिनपुराव्याच्या विधानानेच सुरू होते. १६४४मध्ये छापलेल्या ग्रंथात मर्सेनने सांगून टाकले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांसाठीच संख्या मूळ निघते. पुरावा दिला नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही पुरणार नाही, असेही त्याच माणसाने लिहून ठेवले आहे, आणि मर्सेन-२५७ तर ७८ अंकी आहे! यादी पूर्णपणे तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. ६७ आणि २५७ चुकीचे होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. मर्सेन लबाड नव्हता. युरोपभरच्या विद्वानांची पत्रे एकमेकांकडे पोचवणारा तो उमदा माणूस होता. पण थोराच्या मुखातून आलेले वाक्य तीनशे वर्षे फिरत राहते आणि ते तपासण्याचा भार भलत्यांच्याच खांद्यावर पडतो, हे आपल्यालाही नवे नाही.

येथे आमचे काही मित्र हटकून इब्न अल-हैसमचे नाव काढतील. काढावेच. बसऱ्याला जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या या विद्वानाने मर्सेनच्या सहाशे वर्षे आधी एक कोडे सोडवले होते: २, ३, ४, ५ आणि ६ यांपैकी कशानेही भागले तरी १ उरावा आणि ७ ने मात्र निःशेष भाग जावा, अशी संख्या कोणती? त्याने ३०१ हे उत्तर दिले आणि ७२१ हेही दिले. ७२१ मागे एक तत्त्व आहे. मूळ संख्येच्या आधीच्या सर्व संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला तर त्या मूळ संख्येने भाग जातो. १ पासून ६ पर्यंतचा गुणाकार ७२०, अधिक १ म्हणजे ७२१, आणि ते ७ गुणिले १०३. युरोपात १७७०मध्ये हेच तत्त्व विल्सनच्या नावाने छापले गेले आणि १७७१मध्ये लाग्रांजने ते सिद्ध केले. पण आपल्या परंपरेतल्या एखाद्याचे नाव घेऊन छाती फुगवली की काम झाले, अशी जी सवय आपल्याला लागली आहे तिचा इब्न अल-हैसमशी काही संबंध नाही. त्याने टॉलेमीसारख्या महापंडितावर ‘शुकूक’ म्हणजे शंकांचा अख्खा ग्रंथ लिहिला. शंका घेणाऱ्याचा हक्क त्याने ज्या आदराने जपला, तो आपण त्याच्या नावाच्या गौरवात हरवून बसतो. असो. या निकषाची अडचण वेगळीच आहे. तो अचूक आहे, पण मोठ्या संख्येपुढे निरुपयोगी. ३१ तपासायला १ पासून ३० पर्यंतचा गुणाकार, आणि मर्सेन-६७ तपासायला एकवीस अंकी संख्येपर्यंतच्या साऱ्या संख्यांचा. निकष हाती असणे आणि तो वापरता येणे यांत एवढे अंतर पडते.

हे अंतर तोडले एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने, १८७६मध्ये. पुढे १९३०मध्ये अमेरिकेच्या डी. एच. लेमरने त्याच्या पद्धतीला आजचे सोपे रूप दिले. वाचकहो, ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, उत्तराला तपासायच्या संख्येने भागा आणि बाकी तेवढी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी, इतक्यांदा हे करायचे. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, काही उरले तर संयुक्त. मर्सेन-५ म्हणजे ३१ साठी तीन फेऱ्या: ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२ म्हणजे बाकी ०. मूळ. मर्सेन-११ म्हणजे २०४७ साठी नऊ फेऱ्या केल्या तर शेवटी १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणून संयुक्त. पण त्या १७३६ कडे रात्रभर टक लावून बसा, त्यातून २३ आणि ८९ बाहेर येणार नाहीत. ही पद्धत दोषाचा निवाडा करते, पण दोषाचे नाव सांगत नाही.

लुकाने मर्सेन-१२७ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. १९५१पर्यंत कोणालाही तिच्याहून मोठी मूळ संख्या सिद्ध करता आली नाही. आणि मर्सेन-६७ त्याने संयुक्त ठरवली, विभाजक न सांगता.

विभाजक सांगितले ते फ्रँक नेल्सन कोल याने, सत्तावीस वर्षांनी. ऑक्टोबर १९०३, न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोल फळ्याजवळ गेला, २ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला, आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या लिहिली. मग फळ्याच्या मोकळ्या भागात १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हाताने पूर्ण केला. दोन्ही उत्तरे एकच. एक शब्द न बोलता तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती काळ लागला, असे पुढे विचारल्यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ असे तो म्हणाला म्हणे. हा किस्सा गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या ई. टी. बेलकडून आला आहे आणि बेलचा हात किस्से रंगवण्यात सढळ होता, म्हणून टाळ्यांचा आवाज थोडा कमी धरावा. तो गुणाकार मात्र तुम्हीही करून पाहू शकता. अर्धा तास पुरेल.

आता प्रश्न असा, की मर्सेन-६७ संयुक्त आहे हे कळले केव्हा? १८७६ला की १९०३ला? आमच्या ओळखीतले काही सुज्ञ लोक १९०३ला असे म्हणतात. दाखवता येत नाही ते ज्ञान नव्हे, असा त्यांचा मुद्दा. तो आम्हांला पटत नाही. गावातल्या पतसंस्थेचा ताळेबंद घ्या. जमा आणि खर्च यांत चार हजारांची तफावत आहे. पैसे कोणी उचलले हे ठाऊक नाही, पण तूट आहे ही गोष्ट चोर सापडण्याची वाट पाहत थांबत नाही. ती वहीतच आहे आणि बेरीज येणाऱ्या कोणालाही दिसते. लुकाची बाकी ही अशी तूट आहे. सुरुवातीच्या चहाडखोरात आणि लुकात फरक हाच, की चहाडखोर वही दाखवत नाही.

तरी सभेने टाळ्या कोलला दिल्या यातही शहाणपण आहे, असे आम्हांला वाटते. लुकावर विश्वास ठेवायचा तर त्याची पद्धत बरोबर का आहे हे समजावे लागते. त्याला गणिताचे शिक्षण लागते, वर्षे लागतात. कोलने तीन वर्षांचे कष्ट स्वतःकडे ठेवले आणि शंका घेणाऱ्याकडे सोपवला तो नुसता गुणाकार. चौथी शिकलेल्या माणसानेही ‘थांबा, मी पडताळून पाहतो’ म्हणावे, इतकी सोय त्याने करून दिली. याला आम्ही इमानदारी म्हणतो. सत्य दोघांकडेही सारखेच होते, पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला येणारे ओझे सारखे नव्हते.

आणि पुढचा सारा इतिहास हे ओझे वाढत जाण्याचा आहे. १९९६मध्ये जॉर्ज वोल्टमन याने एक उपक्रम सुरू केला, ज्यात जगभरचे हौशी लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ मर्सेन संख्यांच्या शोधाला देतात. ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूक ड्युरंट याने अनेक देशांतील भाड्याच्या यंत्रांवर हिशेब चालवून मर्सेन-१३६२७९८४१ शोधली. तोवर सापडलेल्या मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी: ४,१०,२४,३२० अंक. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पाने. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचायची म्हटली तर पावणेपाचशे दिवस. कोणी माणसाने ती पुरती पाहिलेली नाही आणि पाहिली तरी त्या पाहण्यातून काही कळणार नाही. गंमत म्हणजे यंत्राच्या दोन-अंकी लिपीत ती फार साधी दिसते: १ हा अंक १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा, बस्स. मध्ये एकही शून्य नाही.

मग ती मूळ आहे हे आपल्याला कसे कळले? आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका यंत्राने ‘बहुधा मूळ’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने लुका-लेमर कसोटी पूर्ण करून दुजोरा दिला. मग वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावलींनी तोच हिशेब पुन्हा झाला आणि त्यानंतरच जाहीर करण्यात आले. नकाराची साक्षही अशीच तपासली जाते, आणि हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. ‘ही संख्या मूळ नाही’ असा निकाल दिलेल्या यंत्राची शेवटची बाकी जपून ठेवत, मग दुसऱ्या यंत्राला तेच काम देत, आणि दोन्ही बाक्या जुळल्या तरच त्या संख्येची फाइल बंद होई. अलीकडे तर निकालासोबत असा पुरावा जोडला जातो, की मूळ हिशेबाच्या अल्पशा कष्टात दुसऱ्याला तो पडताळता यावा. एका निर्जीव, निरुपयोगी, कोणाचे काही न बिघडवणाऱ्या संख्येला दोषी ठरवण्यापूर्वी एवढी काळजी!

ही काळजी उगाच आलेली नाही. यंत्रे चुकतात, आणि त्यांतली एक गाजलेली चूक मूळ संख्यांनीच पकडून दिली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शिकवणारे थॉमस नाइसली हे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४मध्ये त्यांना उत्तरात किंचित तफावत दिसली. आधी त्यांनी आपली आज्ञावली तपासली, मग इतर सारे भाग, मग दुसरी यंत्रे. काही महिन्यांनी दोष उरला तो एकाच जागी, इंटेल कंपनीच्या नव्या पेंटियम चिपमध्ये. ८२४६३३७०२४४१ या मूळ संख्येने १ ला भागताना ती चिप चुकत होती. कंपनीने आधी सांगितले की, सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल, आणि ज्यांना खरोखरच गरज आहे असे पटवून देता येईल त्यांनाच चिप बदलून मिळेल. म्हणजे चूक यंत्राची, आणि सिद्ध करायचे ते फसलेल्याने. लोक भडकले, डिसेंबरमध्ये कंपनी नमली आणि मागेल त्याला चिप बदलून देऊ लागली. त्यासाठी तिला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे एक कचेरीची खिडकी येते. कोणत्या कचेरीची ते सांगत नाही, सगळीकडे ती सारखीच असते. बाहेर एक म्हातारा. एका कागदावर त्याचे ‘शेख’ इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेले, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने. लिहिणारे कारकून वेगवेगळे होते, म्हातारा एकच आहे. आतून उत्तर येते, ‘चाचा, संगणकात नाव जुळत नाही.’ काय जुळत नाही, कोणते अक्षर, कोणी तपासले, दुसऱ्या यंत्रावर पाहिले का, यातले काही विचारायची सोय नाही. त्याच्या कागदांत खोट आहे, एवढीच ग्वाही. तिच्या मागची बाकी त्याला कोणी दाखवत नाही आणि दुजोऱ्याला दुसरे यंत्रही उभे राहत नाही. मर्सेन-१२७७ ला जो न्याय मिळाला, त्याचा शंभरावा हिस्साही या माणसाच्या पदरी पडत नाही. ज्यांना ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल त्यांनी एकदा त्या खिडकीशी रांगेत उभे राहून पाहावे.

यंत्राला ‘कळते’ का, हा आणखी एक तिढा आहे. तो आम्हांला पुरता सोडवता आलेला नाही, म्हणून फक्त हकिकत सांगतो. अमेरिकेतल्या सेंट्रल मिझुरी विद्यापीठाच्या एका संगणकाने १७ सप्टेंबर २०१५ रोजी मर्सेन-७४२०७२८१ ही संख्या मूळ असल्याचा निरोप मुख्य यंत्रणेकडे पाठवला. निरोप पोचला, नोंदला गेला. पण माणसांना वर्दी देणारी ईमेल काही बिघाडामुळे निघालीच नाही. साडेतीन महिने ती २,२३,३८,६१८ अंकांची संख्या, त्या वेळची सर्वांत मोठी, नोंदींच्या ढिगात पडून राहिली. ७ जानेवारी २०१६ रोजी देखभाल करताना कोणाचे तरी लक्ष गेले. शोधाची अधिकृत तारीख त्यांनी कोणती धरली? माणसाची नजर पडली ती. यंत्राने हिशेब केला, पण ‘हे असे आहे’ अशी ग्वाही द्यायला आणि उद्या ती खोटी ठरली तर जाब द्यायला कोणी तरी माणूस लागतो, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. ‘संगणक म्हणतो’ हे वाक्य आम्हांला पटत नाही ते यासाठीच. त्यात जाब देणारा कोणी उरत नाही.

इकडे मर्सेन-१२७७ चा शोध चालूच आहे. काही लोक निव्वळ हट्टापायी आपली यंत्रे तिच्यावर लावून बसले आहेत. विभाजक सापडल्याने तिच्याविषयीचा निकाल काही बदलायचा नाही. ती संयुक्त होती, आहे. तरीही कोलसारखे कोणीतरी फळ्यापाशी यावे आणि दोन संख्यांचा गुणाकार करून दाखवावा, अशी त्यांची ओढ आहे, आणि ती आम्हांला समजते. ज्याला अजून कोणी पाहिलेले नाही त्या विभाजकाची एक खूण मात्र आजही देता येते: तो जेव्हा केव्हा हाती येईल, तेव्हा त्याला २५५४ ने भागले तर बाकी १ उरेल.